आल्बान ट्रॉयरचा लांबचा बार

लांगाख खोऱ्यात आल्बान ट्रॉयरची बोलणी न खाल्लेला शिकारी शोधून सापडणार नाही. तसा माणूस साधा. नोकरीची सगळी वर्षे त्याने रस्त्यावरचे बर्फ लोटणारा ट्रक चालवला. खोऱ्याला जाग यायच्या आत रस्ता मोकळा करायचा आणि दिवसभर "ढीग नेमका आमच्याच फाटकासमोर टाकलास" हे ऐकून घ्यायचे. तिथे तो मुकाट ऐकून घ्यायचा. भरपाई शिकाऱ्यांवर करायचा.

कारण त्याचे दुसरे काम असे होते, की तिथे ऐकून घ्यायची पाळी समोरच्याची असे. कुणाचा बार भलतीकडे बसला आणि जखमी जनावर कड्यात निघून गेले, की संध्याकाळी आल्बानच्या घरचा फोन वाजे. दुसऱ्या दिवशी उजाडताच आल्बान आपले तांबडे, लोंबत्या कानांचे कुत्रे लांब चामडी पट्ट्याला बांधून हजर होई आणि मागावरून जाऊन ते जनावर शोधून देई. बहुतेक वेळा ते मेलेले असे. कधी जिवंत असे, मग शेवटचा बार आल्बानलाच टाकावा लागे. पैशाला तो शिवायचा नाही. गाडीत पेट्रोल भरा म्हणायचा, आणि बोलणी फुकट. "तुम्ही करायचं आणि आम्ही निस्तरायचं," हे त्याचे पालुपद सगळ्या खोऱ्याला पाठ होते.

एकामागून एक अशी तीन कुत्री त्याने पाळली. तिसरे गेले तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि त्याचे गुडघे त्याच्याआधी निवृत्त झाले होते. लोक म्हणाले, नवं पिल्लू घे. तो म्हणाला, "ते माझ्यामागे उरेल. मग त्याला कोण सांभाळेल, तुम्ही? तुम्हाला तर स्वतःचा बार सांभाळता येत नाही."

त्याचा नियम एकच होता. गाम्सच्या तोंडावरचा काळा पट्टा जिथून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, तिथून बार टाकायचा नाही. गाम्स ही कड्यांवरची रानबकरी. नर असो की मादी, दोघांनाही मागे वळलेली आकड्यांसारखी शिंगे, त्यामुळे लांबून कोण नर आणि कोण मादी हे सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. कुणी म्हणाले की दुर्बिणीतून पट्टा स्वच्छ दिसत होता, तर आल्बान म्हणायचा, "दुर्बीण दाखवते. पोचवत नाही."

खोऱ्यात बारक्या नळीच्या बंदुकीचे वेड पूर्वीपासूनच. जेमतेम साडेपाच मिलिमीटरची गोळी, वजनाला हलकी, चढावर नेताना खांदा दुखत नाही, बार टाकताना धक्का नाही आणि मांस कमी नासते. आल्बानचे त्या बंदुकीशी वैर मुळीच नव्हते. त्याच्याही कपाटात एक होती. जवळून ती गोळी आत जाऊन फुलते आणि जनावर जागच्या जागी बसते, हे त्याने अनेकदा पाहिले होते. लांबून काय होते तेही त्यानेच पाहिले होते, कारण लांबच्या बाराचे उत्तर शोधायला त्यालाच जावे लागे. लांब गेलेली बारकी गोळी दमते. मग ती एक तर न फुलताच टाचणीएवढे भोक पाडून पार निघून जाते, नाही तर खांद्याच्या हाडावर कातडीपाशीच फुटते. शिवाय वारा तिला वाटेल तिकडे ढकलतो. जनावर मरते, पण आपल्या सवडीने, आणि ती सवड पाहायला बार टाकणारा तिथे नसतो.

हे सगळे ज्याला ठाऊक, त्याने तो बार टाकावा, याला काय म्हणावे? मी तरी त्याला म्हातारचळ म्हणणार नाही. मला तो हावरटपणा वाटतो, आणि तो मांसाचा नव्हता.

झाले ते असे. ऐंशी पूर्ण केलेल्या शिकाऱ्याला वाढदिवसाला एक गाम्स द्यायची, अशी त्या खोऱ्याची रीत. सरकारने त्या वर्षी जेवढी जनावरे मारायची परवानगी दिलेली असते, त्यातले एक म्हाताऱ्याच्या नावावर ठेवतात. ऑक्टोबरात आल्बान ऐंशीचा झाला. शिकारी मंडळाचा प्रमुख होता त्याच्या बहिणीचा मुलगा गिडी. खिडक्या-दारे बनवायचा त्याचा धंदा, हात सोन्याचा, स्वभावाने गोड आणि नव्या वस्तूंचा भुकेला. त्याने आपल्या बारक्या नळीच्या बंदुकीवर नवी दुर्बीण चढवली होती. अंतर मोजायचे, चकती तेवढी फिरवायची, की नेम आपोआप लागतो म्हणे.

उन्हाळ्यात गिडी आणि त्याची मित्रमंडळी खाणीतल्या मोकळ्या जागेत लोखंडी ताटल्या टांगून सहाशे मीटरवरून बार टाकायची. एकदा आल्बानही बघायला गेला. "लोखंड कुठे पळून जातंय?" म्हणून त्याने आधी नाक मुरडले. मग गिडीने बंदूक त्याच्या हातात दिली. गोळी सुटायची, आणि दोन श्वासांनी पलीकडून टण्ण असा आवाज परत यायचा. आल्बानची एकही गोळी वाया गेली नाही. पोरे टाळ्या पिटत म्हणाली, "म्हाताऱ्याने आपल्याला धुतलं रे!" गुडघे गेल्यापासून त्याला कुणी कशाबद्दल वाहवा म्हटले नव्हते. घरी येऊन त्याने ती गोष्ट बायकोला, झेंत्सला, दोनदा सांगितली.

"ताटल्या मारून पोट भरत नाही," झेंत्स म्हणाली.

"तुला कळायचं नाही ते."

"मला एवढं कळतं, की तू याच पोरांना वर्षभर शिव्या देत होतास."

वाढदिवसाच्या दुपारी गिडी त्याला जीपने वरच्या झोपडीपर्यंत घेऊन गेला. झोपडीसमोर लाकडी बाक, खाली खोल घळ आणि घळीपलीकडे उन्हातला कडा. कड्यावर गवताच्या पट्ट्यांत गाम्स चरत होत्या. सगळ्यांपासून थोडी दूर एक मादी एकटीच होती. गिडी बराच वेळ मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसला.

"मामा, तीच ती. म्हातारी आहे, तोंडावरचा पट्टा पार विटलाय. करडू नाही सोबत."

"नीट बघ. करडू खडकामागे झोपलेलं असतं."

"अर्धा तास बघतोय. नाही."

"थानं?"

"सुकी आहे, मामा."

ऑक्टोबरात गाम्सच्या अंगावर हिवाळी केस आलेले असतात. त्या केसांतून एवढ्या लांबून थाने दिसणे शक्य नाही, हे आल्बानने जन्मभर लोकांना शिकवले होते. करडांचे काय असते, ती आपापसांत हुंदडत वरच्या पट्टीवर जातात आणि आई खाली एकटी चरत राहते. तासभर बसावे लागते, तेव्हा कुठे ज्याची त्याची आई ठरते. पण ऊन कलले होते. खाली खाणावळीत शिकारीचे शिंग फुंकणारी मंडळी गणवेश चढवून म्हाताऱ्याची वाट बघत होती. आल्बान म्हणाला, "आण ती बंदूक."

त्याच्या आपल्या मोठ्या बंदुकीचा धक्का त्याला सोसला नसता. एका हिवाळ्यात ट्रक घसरून त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले आणि ते वाकडेच जुळले होते. गिडीची बंदूक हलकी, गरीब. बाकावर उशी ठेवून त्याने ती टेकवली. अंतर तीनशे ऐंशी मीटर निघाले. गिडीने चकती फिरवली. आल्बानने बोट ओले करून हवेत धरले. बाकापाशी वारा नव्हता. घळीत होता. कड्यावरचे ऊन सरकले की वरची थंड हवा घळीतून खाली वाहू लागते, हे त्या खोऱ्यात चाळीस हिवाळे रस्त्यावर काढलेल्या माणसाला कुणी सांगायला हवे होते का? त्याने घळीकडे बघितलेच नाही. तो काचेत बघत होता, आणि काचेत ती इतकी जवळ होती, की कानावरची माशीसुद्धा दिसावी.

बार झाला. थोड्या वेळाने पलीकडून थप्प असा आवाज आला.

"बसली!" गिडी उठून उभा राहिला. "मामा, बसली, आवाज ऐकलास?"

आल्बानने आवाजही ऐकला होता आणि दिसायचे तेही त्याला दिसले होते. मादी उडाली नाही, पळाली नाही. तिने पाठीची कमान केली, मागचे पाय पोटाखाली ओढले आणि एकेक पाऊल टाकत खडकाच्या धारेमागे गेली. पाठ अशी वाकली म्हणजे गोळी पोटात. वाऱ्याने गोळी हातभर मागे नेली होती.

"चल, जाऊन घेऊन येतो," गिडी म्हणाला.

"बस खाली."

"अरे पण—"

"बस म्हणतो ना. आता मागे लागलास तर ती पार वर चढेल आणि कधीच सापडणार नाही. तिला पडू दे. सकाळी बघायचं." हे सांगताना त्याचा आवाज नेहमीचाच होता. पुढचे वाक्य बोलायला मात्र त्याला वेळ लागला. "मेनाला फोन लाव."

मेना ओबरवाल्डर दुधाचा टँकर चालवायची. कुत्र्याबरोबर माग काढायचे काम ती सहा वर्षे आल्बानच्या मागे फिरून शिकली होती, आणि आता खोऱ्याचे फोन तिच्याकडे जात. त्या रात्री आल्बानने खाणावळीत जायला नकार दिला. झेंत्सने विचारले तेव्हा, "म्हातारी मादी आहे, सकाळी आणतील," एवढेच सांगून तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला झोप लागली नाही. पोटात गोळी घेऊन पडलेल्या जनावराची रात्र कशी असते, हे त्याला नको तितके ठाऊक होते.

सकाळी मेना झोपडीपाशी आली तेव्हा गवतावर दहिवर गोठले होते. तिची कुत्री फेली पट्टा ताणून उभी होती. मेनाने आल्बानचा हात हातात घेतला, कालच्या राहिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि मग नेहमीचे प्रश्न सुरू केले. जनावर कुठे उभे होते, तोंड कुणीकडे होते, बारानंतर काय केले. प्रत्येक शिकाऱ्याला हे विचारायचे, हे तिला आल्बाननेच शिकवले होते.

"अंतर किती, काका?"

"तीनशे."

मेनाने मान हलवली, कुत्रीचा पट्टा सोडवला, पुन्हा गुंडाळला. मग खाली बघतच तिने परत विचारले, "अंतर किती होतं, काका?"

हेही आल्बानचेच शिकवणे. शिकारी खोटे बोलतो. लबाडीने नाही, लाजेने बोलतो. म्हणून दोनदा विचारायचे, आणि दुसऱ्यांदा विचारताना त्याच्या तोंडाकडे बघायचे नाही.

"तीनशे ऐंशी," आल्बान म्हणाला. आयुष्यात इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती. "गिडीच्या बंदुकीने. त्या बारक्या."

"बरं," मेना म्हणाली. तिच्या जागी आल्बान असता तर त्याने समोरच्याची सालटी काढली असती.

मेना आणि गिडी घळ उतरून पलीकडे गेले. आल्बान बाकावर मोठ्या दुर्बिणीपाशी राहिला. वरून काही दिसले तर फोन करायचा, एवढेच काम आता त्याच्याजोगे होते. तासाभराने मेनाचा फोन आला. गोळी लागली ती जागा सापडली होती, कापलेले केस होते, रक्त थोडे आणि त्यात चघळलेल्या गवताचा हिरवा कण. म्हणजे पोटच. पुढे खडीचा मोठा उतार लागला, रात्रभरच्या वाऱ्याने तिथला वास उडवला होता, आणि फेली गोल गोल फिरू लागली.

"काका, तुम्हाला काही दिसतंय का?"

"बघतोय."

तो खरोखरच बघत होता. म्हातारी, एकटी, जखमी मादी कुठे जाऊन पडेल याचा विचार करून त्याने एकेक घळई, एकेक झुडूप पिंजून काढले. पाण्याच्या धारेपाशी पाहिले. खडीच्या वर, छपरासारख्या पुढे आलेल्या खडकाखाली, गवताची एक अरुंद पट्टी होती. तिच्यावर एक करडू उभे होते. करडाशी त्याला काम नव्हते, म्हणून दुर्बीण पुढे गेली. परत येताना पुन्हा ते दिसले. पुन्हा पुढे गेली.

मग कड्यावर ऊन आले. गाम्सचा कळप उठला आणि उन्हामागे वर सरकू लागला. माद्या गेल्या, त्यांची पिल्ले गेली. ते करडू गेले नाही. ते तिथेच, मान खाली घालून, खडकाच्या सावलीत कशाकडे तरी बघत उभे होते. मधून ते दोन पावले कळपाकडे जाई आणि परत येई.

आल्बानने डोळा काचेवरून काढला. फोन त्याच्या मांडीवर होता. मेना आणि कुत्री खाली खडीत चुकीच्या बाजूला चालली होती. तो फोन केला की मादी सापडणार होती, आणि तो फोन केला की खोऱ्याला कळणार होते, की आल्बान ट्रॉयरने दूध पाजणाऱ्या आईच्या पोटात गोळी घातली. तो किती वेळ तसाच बसला हे त्याने पुढे कुणाला सांगितले नाही. फार नसेल. पण बसला होता, आणि पुढे त्याला बाराहूनही जास्त तेच खात राहिले. कारण तेवढा वेळ ती तिकडे जिवंत होती.

"मेना," तो फोनवर म्हणाला, "डावीकडे वर बघ. खडकाच्या छपराखाली. करडू उभं आहे ना?"

"हो, दिसलं."

"त्याच्यापाशी जा. ती तिथेच आहे."

"करडू?" मेनाने विचारले. मग तिच्या लक्षात आले, आणि तिने कुत्रीला डावीकडे वळवले.

त्याने सगळे दुर्बिणीतून पाहिले. मेना वर चढताना करडू दहा पावले मागे सरले. मादीने सावलीतून मान वर केली. एवढी रात्र काढून ती मान वर करू शकत होती. मेनाने जवळ जाऊन बार टाकला, आणि मान खाली गेली. बाराच्या आवाजाने करडू उडी मारून वर पळाले. आल्बानने मनातल्या मनात म्हटले, जा. कळपात जा बाबा, जा. करडू वीसेक पावलांवर थांबले, वळले आणि परत आईकडे येऊ लागले.

फोन वाजला. "काका," मेनाचा आवाज हळू होता. "पिल्लू जात नाही. गिडी म्हणतो राहू दे, कळप घेईल त्याला. तुम्ही काय म्हणता?"

कळप घेत नाही. परक्या करडाला मादी शिंगाने हाकलते. पहिल्या मोठ्या बर्फात ते उपाशी, कमरेइतक्या बर्फात उभे राहते, आणि वसंतात ट्रक वर गेला की रस्त्याकडेला सापडते. आल्बानने अशी उचललेली होती. बाकी कुणाला ठाऊक नसले तरी मेनाला हे ठाऊक होते. पण रीत अशी, की जनावर ज्याचे, शब्द त्याचा.

"टाक बार," तो म्हणाला. "जवळ येऊ दे आणि टाक."

नजर फिरवावी असे त्याला फार वाटले. त्याने फिरवली नाही. करडू आईच्या तोंडाशी नाक नेऊन उभे राहिले तेव्हा मेनाने बार टाकला, आणि ते तिच्यावरच पडले. तो बार कसा झाला हे सांगायला हवे. तो उत्तम झाला. जनावराला कळलेसुद्धा नाही. असाच असायला हवा, असे जन्मभर सांगणाऱ्या माणसाने तो साडेतीनशे मीटरहून लांब बसून, दुसऱ्याच्या हातचा पाहिला.

दुपारी दोघे खाली आले. गिडीच्या पाठीवर मादी होती, मेनाच्या पिशवीत करडू. रिवाजाप्रमाणे मेनाने दोघांच्याही तोंडात देवदाराची कोवळी डहाळी ठेवली होती, शेवटचा घास म्हणून. मारणाऱ्याच्या टोपीत खोवायची डहाळी तिने आणली नव्हती. "आणू का, काका?" तिने विचारले.

"नको."

गिडीचे डोळे लाल झाले होते. "मामा, मीच म्हणालो होतो सुकी आहे म्हणून. खाली मी सांगतो तसं."

"तू म्हणालास," आल्बान म्हणाला, "पण थानं दिसत नाहीत हे तुला मीच शिकवलं होतं ना? जा, सांग खाली. अंतरही सांग. कमी करून सांगू नकोस."

संध्याकाळी मेना टँकर घेऊन जाताना दाराशी थांबली आणि झेंत्सच्या हातात कागदात बांधलेली कलेजी देऊन गेली. कलेजी जनावर मारणाऱ्याची, ही तिथली रीत. झेंत्सने ती कांद्यावर परतली, आल्बानच्या ताटात वाढली आणि तव्यातला एक तुकडा चाखून बघितला.

"किती कोवळी आहे रे," ती म्हणाली. "म्हातारी मादी होती म्हणालास ना काल?"

आल्बान ताटाकडे बघत बसला. "ही तिची नाही. तिची गोळीने नासली, टाकून द्यावी लागली. ही तिच्या करडाची."

झेंत्स तवा हातात घेऊन उभी राहिली.

"मी सांगितलं म्हणून मेनाने मारलं. म्हणून तिने इकडे दिली. तिचं काही चुकलं नाही. टाकता यायची नाही, झेंत्स. आणि मला गिळवत नाही."

झेंत्सने तवा खाली ठेवला. ऐंशी वर्षांच्या त्या माणसाला बोल लावायची ही तिची हक्काची वेळ होती, आणि तो त्याचीच वाट बघत असावा. ती त्याच्यासमोर बसली, दुसरे ताट पुढे ओढून घेतले आणि म्हणाली, "निम्मी मला दे."